मिश्रीची डबी माझ्याकडे आहे

अक्का, तुमची डबी माझ्याकडे आहे. पितळेची, झाकणाला पोचा आलेली. तुम्ही गेल्यावर सगळ्यांनी ती शोधली. गादीखाली बघितलं, दवाखान्यातून आलेल्या पिशव्या उलट्या केल्या. मीही त्यांच्याबरोबर शोधल्यासारखं केलं. ती तेव्हा माझ्या कमरेला खोचलेली होती.

तुमच्या घराला कुलूप लावून गेलेला मल्लू आज चार वाजता येणार आहे. सकाळी फोनवर म्हणाला, "काकू, आईचं सूप, कात्री, जे काय तुज्याकडं हाय ते बांधून ठेव. मी भंगारात देतो." तुमच्या पोराच्या आवाजात रडणं नव्हतं. दहाव्याला चार माणसांत तो बोलला, "आईनं आपल्या हातानं मरण आणलं. मी कशाला रडू?" तुमचा फोटो त्यानं करून आणला होता, तोही तुमच्या घरात भिंतीकडे तोंड करून खाली ठेवला. तो टांगायला खिळा ठोकू दिला नाही.

त्याला जे माहीत आहे ते खोटं आहे. आणि ते खोटं तुम्ही माझ्यासाठी बोललात. तो यायच्या आत मला ठरवायचं आहे, की ही डबी त्याच्यापुढे ठेवायची का सुपाबरोबर बोचक्यात बांधून गप्प बसायचं. तोंडानं काही सांगायचं म्हटलं की मला शब्द फुटत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. म्हणून माझ्या रेश्माच्या जुन्या वहीत आधी तुमच्याशी बोलते आहे.

मी लग्न होऊन तुमची धाकटी जाऊ झाले तेव्हा तुम्ही मला विड्या वळायचं सूप दिलं आणि गुडघ्याला गुडघा लावून बसवलंत. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, सूत गुंडाळायचं. माझ्या विड्या सैल यायच्या. कारखान्यात माल तपासणारा माणूस माझा विड्यांचा हारा पुढ्यात घेऊन विड्या मोडून टाकायला लागला की मी खाली बघत राहायची. मग तुमचा आवाज यायचा, "ओ साहेब, तिला काय बोलायचं ते मला बोला. तिला तोंड न्हाय. मला दोन हायत." सगळ्या बायका हसायच्या, तोही हसायचा आणि निम्म्या विड्या ठेवून घ्यायचा. बँकेत, रेशनला, रेश्माच्या शाळेत, सगळीकडे तुमचंच तोंड पुढे. मी मात्र चहाच्या वेळी तुम्हाला पेपर वाचून दाखवायची. चौथीचं वाचन त्यानंच टिकलं. तुम्ही म्हणायच्या, "बघ, वाचताना कशी घडाघडा बोलतीस. मंजी दुसऱ्याचं असलं की तुला येतंय."

मग तुमच्या पायाचा अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणाले, पायाची नस बंद होत आली आहे, दुसरी नस जोडून रक्ताला वाट करावी लागेल, पण तंबाखू पहिल्यांदा सोडा. ओढलेली, चावलेली, दाताला लावलेली, कुठलीच नको. तुम्ही सकाळी मिश्री, भाजलेल्या तंबाखूची पूड, दाताला लावायच्या आणि दुपारी चुना-तंबाखूची चिमूट गालात धरायच्या. चाळीस वर्षांचं ते सोडायला त्यांनी चघळायच्या वड्या दिल्या. पांढऱ्या, चौकोनी. सांगितलं की यातही तंबाखूतलंच निकोटीन आहे, पण मोजून.

पहिल्या दिवशी तुम्ही एक वडी तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलंत.

"सुमे, ह्येला काय कडकपणा न्हाय गं. अळणी कालवणावानी लागतंय."

"औषध हाय अक्का."

"निकोटीन मंजी तंबाखूच की. मग ह्येला चुना नको का?"

आणि मी मान हलवली. नुसती हलवली नाही, चुन्याची डबी मीच पुढे केली. तंबाखूला चुना लागतो, यापलीकडे आपल्या दोघींना काय माहीत होतं? तुम्ही नखानं चुना काढलात, वडीला लावलात, परत तोंडात टाकलीत आणि जोरजोरात चावायला लागलात. सूप मांडीवर घेऊन मी दहा विड्याही वळल्या नसतील. तुम्हाला उचक्या लागल्या. तोंडात थुंकी मावेना. कपाळावर घाम आला, तो मी पदरानं पुसला तर गार लागला. "छाती पळाय लागली बघ," म्हणालात आणि तुमचा हात माझ्या मनगटावर असा बसला की बांगडी फुटली.

रेश्मा तेवढ्यात कॉलेजातून आली. माझी पोरगी औषधांचं शिकते म्हणून तुम्ही तिला 'आमची गोळीवाली' म्हणायच्या. तिनं दारातूनच विचारलं, "काय खाल्लं?" मी बोटानं वडीच्या पाकिटाकडे आणि चुन्याकडे दाखवलं. तिनं तुमच्या तोंडात बोट घालून वडी काढली, चूळ भरायला लावली, पुन्हा भरायला लावली, आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात दोन तास तुम्हाला पाडून ठेवलं. संध्याकाळी उचकी थांबली तेव्हा कुठे मी पाणी प्याले.

घरी आल्यावर ती आपल्याला रागावली. पण रागावताना तिनं जे समजावलं, ते ऐकताना तुम्ही लहान पोरीसारखं गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसला होता.

ती म्हणाली, तंबाखूचं झाड हे निकोटीन आपल्या मुळात करतं आणि वर पानात धाडतं. पानात ते आम्लाला बांधलेलं असतं. बांधलेलं असेपर्यंत ते गालाच्या कातडीतून फारसं आत शिरत नाही, थुंकीतच राहतं. चुना ते बांधलेलं सोडवतो. सुटं झालं की ते सरळ रक्तात जातं. तुम्ही चाळीस वर्षं चुना लावताय तो चवीला नाही, सोडवायला लावताय. "आणि या वडीत थोडा क्षार आधीच घातलेला आहे, बेतानं सुटावं म्हणून. हळू चावायची, चुरचुरलं की गालात ठेवायची. तुम्ही वर आणखी चुना थापला आणि भाकरीसारखी चावली. अर्ध्या तासाचं पाच मिनिटांत गेलं."

तुम्ही म्हणालात, "मंजी कंपनीवाल्यास्नीबी आपली युक्ती म्हायती हाय की."

मला हसू आलं. रेश्माला आलं नाही.

"आनि वर चिंच खाल्ली तर?"

"तर उलटं. आंबट तोंडात ते बांधलेलंच राहतं. मग वडी चावून उपयोग नाही. चहा, चिंच, ताक, काही वेळ आधी काहीच नको."

मग मी विचारलं. मी क्वचित विचारते, म्हणून ती थांबली. मी विचारलं, आत जाऊन ते करतं काय? ती म्हणाली, शरीर स्वतःचा एक निरोप्या एका मज्जातंतूकडून दुसऱ्याकडे धाडतं, हे त्याच्यासारखं दिसतं म्हणून त्याच्या जागेवर जाऊन बसतं. थोडं असलं तर माणसाला तरतरी. जास्त झालं की आधी सगळं जोरात पळतं, मग गळून जातं. पानं खाणारा किडाही असाच आधी फडफडतो आणि मग पडतो. छाती पळते, आणि रक्ताच्या बारीक नसा आवळतात. "पायाची नस आधीच बंद होत आलेल्या माणसाला हे आवळणं परवडत नाही, मोठी आई." आणि मेंदूचं असं, की रोज येणाऱ्या पाहुण्यासाठी तो जास्तीचे पाट मांडून ठेवतो. पाहुणा आला नाही की सगळे पाट रिकामे, आणि माणूस कावराबावरा.

तुम्ही म्हणालात, "झाडाचा काय दोष? त्यानं आपलं पान राखाया इख केलं. आपुनच किड्यावानी खातोय."

"मग ज्यानं हे पिकवून विकलं त्याचा?" मी म्हणाले.

"विकणाऱ्याचा म्हण. आनि वळणाऱ्याचा? तू मी वळलेल्या विड्या कुणी वढल्या असतील, त्येंच्या छातीचं काय?"

मी म्हणाले आपण पोटासाठी वळल्या. तुम्ही म्हणालात किडाही पोटासाठीच खातो. भांडण तिथंच राहिलं. पाय बरा झाल्यावर बघू म्हणालात.

त्या दिवसानंतर तुम्ही खरंच सोडली. मिश्रीची डबी माझ्या हातात दिलीत, "ओढ्यात टाकून ये." मी ओढ्यापर्यंत गेले. मागे वळून बघितलं तर तुम्ही दारात उभ्या होता, दुखऱ्या पायावर, आणि डबीकडे बघत होता, लेकीला सासरी धाडताना बघावं तसं. मी हात मागे घेऊन नुसता एक दगड पाण्यात टाकला. माझी पहिली चूक चुन्याची. दुसरी ही.

नस जोडली. डॉक्टर मल्लूला म्हणाले, पाऊल गरम आहे, चांगलं झालं. आता जोडलेली नस उघडी राहिली पाहिजे. वडीसुद्धा आम्हाला विचारल्याशिवाय द्यायची नाही. मल्लू तीन दिवस घरी गेला नव्हता. रक्ताच्या बाटलीपासून गोळ्यांपर्यंत तोच पळत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला जेवायला खाली पाठवलं आणि तुमच्याजवळ बसले.

तुम्ही चादरीचा काठ वळत होता. पान नाही, तंबाखू नाही, नुसता काठ, दोन बोटांत, एक झाली की दुसरी.

"सुमे. डबी कुटं हाय?"

"टाकली."

"दगड टाकलास. मला आवाज कळतोय."

माझा हात कमरेला खोचलेल्या डबीवर गेला.

"डोस्क्यात मुंग्या चालल्यात गं. पाट लई मांडल्यात आनि कोण येईना. एकदा दे. परत मागितली तर माझ्या तोंडात मार."

मी म्हणू शकले असते, सिस्टरला विचारते. म्हणू शकले असते, रेश्माला फोन लावते. सिस्टर टेबलावर बसलेली होती, दहा पावलांवर. पण अनोळखी माणसाजवळ जाऊन बोलायचं माझ्या जिवावर आलं, आणि डबी उघडणं सोपं होतं. अक्का, खरं एवढंच आहे. दयेनं दिली असं मला लिहिता आलं असतं. दया होतीही. पण त्याच्याआधी भीड होती.

तुमचे खांदे खाली आले. डोळे मिटलेत. तिसऱ्या दिवशी सकाळी परत मागितलीत आणि मी मारलं नाही. दुपारी तिसऱ्यांदा. तेव्हा तुम्ही हिरडीला लावलीत, माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि झाकण स्वतः बंद केलंत. "साकु," म्हणालात. तुमच्या अक्कलकोटकडच्या माहेरची भाषा तुम्ही क्वचित काढायच्या, पण 'पुरे' नेहमी कानडीत म्हणायच्या. कसलं पुरे, ते मी विचारलं नाही. मिश्री पुरे, की माझी भीती बघून म्हणालात, की आणखी काही? तेवढा एक शब्द मी रोज उलटून बघते.

चौथ्या दिवशी पाऊल गार पडलं. सिस्टरनं घोट्याजवळ बोट ठेवून ठोका शोधला, मग मशीन आणलं, मग पळत गेली. डॉक्टर आले. त्यांनी तुमचा ओठ अंगठ्यानं खाली केला आणि हिरडीकडे बघितलं.

"यांना मिश्री कुणी दिली?"

खाटेच्या एका बाजूला मल्लू, एका बाजूला मी. मल्लूनं माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही, अक्का. आधारासाठी बघितलं. डबी माझ्या कमरेला टोचत होती. माझं तोंड उघडलं, आणि त्यातून काहीच आलं नाही.

तुम्ही म्हणालात, "मीच आणली व्हती, कमरंला बांधून. तिला काय इचारता? तिला तोंड न्हाय."

कारखान्यात हजार वेळा म्हटलेलं वाक्य. या वेळी कुणी हसलं नाही. मल्लूनं तुमच्याकडे जसं बघितलं तसं त्यानं कधी बघितलं नव्हतं. तो बाहेर निघून गेला. पाय काढावा लागला तेव्हा कागदावर सही करून तो परत जिन्यात जाऊन बसला.

घरी आल्यावर तुम्ही नऊ दिवस होता. मल्लू गोळ्या द्यायचा, उचलून बसवायचा, आणि एक शब्द बोलायचा नाही. मी रोज ठरवायची. भाकरी घेऊन आले की आज सांगू म्हणायची. तुम्ही मला बघूनच ओळखायच्या आणि म्हणायच्या, "शेंगाची चटणी वाढ की. लोणी ठेवलंयस का संपलं?" एकदाही त्या गोष्टीवर आला नाहीत. पायाकडे चादर सपाट झालेली असायची आणि आपण दोघी चटणीत लसूण कमी पडला का यावर बोलायचो. दहाव्या दिवशी सकाळी चहा घेऊन आले, तर तुमची छाती थांबलेली होती.

रेश्माला मी आडून विचारलं. म्हटलं, समज कुणी तीन चिमटी दिली असेल, तर नस त्यानंच बंद पडली का? ती म्हणाली, "आई, जोडलेल्या नसा तंबाखू न खाणाऱ्यांच्याही बंद पडतात. तीन चिमटीनंच पडली असं कुणी सांगू शकत नाही. त्यानं काही झालं नाही, असंही नाही." पुढे तिनं काही विचारलं नाही. नुसता माझा हात घेतला आणि बोटं उलटी करून बघितली, पिवळी पडलेली. म्हणाली, "तू कधी तोंडाला लावली नाहीस, पण तुझ्याही अंगात आहे ती. घामेजल्या हातातून जाते, उडालेल्या भुकटीतून जाते. ती गेल्यावरही तिची खूण लघवीत दोन-चार दिवस राहते. माणूस बोललं नाही तरी."

तुम्ही गेल्यापासून मी माझ्या सुपाला हात लावलेला नाही. डोकं दुखतं, झोप नाही, कुणी हाक मारली तर अंगावर जावंसं वाटतं. बायका म्हणतात, जावेचं लई मनाला लावून घेतलंय. मला कळत नाही, अक्का. यातलं दुःख कुठलं आणि सुटलेली तंबाखू कुठली, हे वेगळं करता येत नाही. माझ्याही डोक्यात पाट मांडलेले आहेत. पण सकाळी चहाला बसले की मी उजव्या बाजूला सरकून बसते, तुमच्या गुडघ्याला जागा ठेवून, ते कुठल्या औषधानं जाईल?

तुमच्यावर माझा रागही आहे. तुम्ही माझं तोंड झालात आणि माझं तोंड वाढू दिलं नाहीत. खाटेवर तेवढा एक क्षण थांबला असतात, तर कदाचित मी बोलले असते. कदाचित नसते. तुम्हाला माझी खात्री नव्हती, आणि तुमचं बरोबर होतं. म्हणून आता तुम्ही नसताना मला ते करून बघायचं आहे.

गाडीचा आवाज आला. मल्लूच आहे.

तो येऊन गेला. जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मी ते बदलेन.

तो दारात उभा राहिला. "बांधलंस का?"

मी बोचक्याच्या वर डबी ठेवली.

"ही कुटं घावली?"

"घावली न्हाय. माझ्यापाशीच व्हती."

मी वहीकडे बघितलं आणि पेपर वाचते तसं, मान खाली घालून, म्हणाले, "दवाखान्यात मिश्री म्या दिली. तीनदा दिली. तुझी आई खोटं बोलली, माझ्यासाठी."

त्यानं विचारलं, "तिनं मागितली?"

"व्हय. पर दिली म्या. सिस्टर समोर बसली व्हती, तिला इचारलं न्हाय."

"आनि डॉक्टरनं इचारलं तवा तू तितंच उभी व्हतीस."

"व्हय."

"दहाव्याला मी बोललो तवाबी?"

"तवाबी."

त्यानं डबी उचलली. झाकण उघडून नाकाजवळ नेली आणि तशीच धरून राहिला. म्हणाला, "तिनं नऊ दिवस माझ्या तोंडाकडं बघितलं, काकू. मी एकदाबी आई म्हणून हाक मारली न्हाय."

मी पुढे झाले, तर हात वर केला. "आता न्हाय. आता मला तुजं तोंड बघवंना." डबी मुठीत घेऊन बाहेर गेला. बोचकं इथंच आहे.

मला वाटलं गाडी सुरू होईल. झाली नाही. तुमच्या घराचं कुलूप काढल्याचा आवाज आला, आपल्या मधल्या भिंतीपलीकडे. मग बराच वेळ काहीच नाही. त्या वेळात मी हे लिहिलं.

आता भिंतीवर ठोके पडताहेत. दोन पडले, थांबले, परत सुरू झाले. माझ्या फळीवरचा तांब्या वाजतो आहे, वरून थोडा चुना वहीवर पडला आहे. अक्का, तो खिळा ठोकतो आहे.